टेकू कुणी लावलाय?

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी मला बघितलंच नाही.

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी माझं माहेर. पाव्हणे बैलगाडीनं आले, हातपाय धुऊन बैठकीवर टेकले. मी चहा घेऊन बाहेर आले. होणाऱ्या सासूबाईंनी मला उभं केलं, चालायला लावलं, वेणी हातात घेऊन तिचं वजन केल्यासारखं केलं. सासरे तेवढ्यात उठून अंगणात गेले होते. आमच्या न्हाणीजवळ एक शेवगा होता. पावसात त्याची मुळं सैल होऊन तो भिंतीवर कलला होता, म्हणून मी त्याला मोडक्या जूचं लाकूड लावून टेकू दिला होता. सासरे त्या शेवग्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे. मग बंडीच्या खिशातून त्यांनी ओळंबा काढला. भिंत सरळ आहे का नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो ना, तो. दोरी नाकासमोर धरून एक डोळा मिटला आणि तिथूनच ओरडले, "टेकू कुनी लावलाय?"

वडिलांना वाटलं, मोडली सोयरीक. हात जोडून म्हणाले, "पोरीनं लावलाय जी. तिला भाऊ न्हाई, म्हनून गड्याची कामं बी तीच करती. चुकलं असंल तर..."

"फांदीला न्हाई लावला, खोडाला लावलाय," सासरे म्हणाले. टेकू हलवून बघितला, तो हलला नाही. आत आले आणि सासूबाईंना म्हणाले, "उठा. पक्कं झालं."

आईला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं की, माणूस थोडा वेडसर असावा. तिचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही.

माझं सासर पालमच्या बाजूला. सगळी कोरडवाहू जमीन. ज्वारी, तूर, कापूस, आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. मामंजींची शेती बरी होती, पण शेतात त्यांचा जीव नव्हता. त्यांचा जीव होता कललेल्या झाडांत. कुणाच्या घरावर कडुनिंब वाकला, विहिरीवर बाभूळ झुकली, देवळाच्या कळसाकडे पिंपरणी चालली, की त्या गावाहून माणूस आमच्या दारात यायचा. हा त्यांचा धंदा नव्हता. पोटभर जेवण आणि तंबाखूची एक चिमूट, याच्यापलीकडे ते काही घेत नसत. मोठी करवत, कुऱ्हाड, बाभळीच्या लाकडाच्या पाचरी आणि मनगटाएवढा जाड नाडा गाडीत टाकायचे आणि निघायचे. पेरणी सुरू असली तरी निघायचे. सासूबाई मागून बोलत राहायच्या आणि मामंजी लांब जाईपर्यंत मान डोलावत राहायचे.

सरळ झाडाला मात्र त्यांनी जन्मात कुऱ्हाड लावली नाही. लाकडाचे ठेकेदार यायचे, चांगला साग दाखवायचे. मामंजी ओळंबा सोडायचे आणि म्हणायचे, "हे उभं हाय की नीट. त्याला काय झालंय?" तिकडे येलदरीला धरणाचं काम निघालं तेव्हा, पाण्याखाली जाणारी झाडं तोडायला माणसं पाहिजेत म्हणून त्यांना बोलावणं आलं. मोठ्या हौसेनं गेले. दोन दिवसांत परत. कुऱ्हाडीची धार जशीच्या तशी.

"लय सरळ झाडं हायती," ओसरीवर बसून ते मांजराला सांगत होते. "कललेल्या झाडाला मी इचारतो, कुठं जायचं. त्यांना कुठंच जायचं न्हाई. त्यांला मी काय इचारू?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मांजराला सांगत होते, हे मुद्दाम लिहिलं. त्या काळी सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही, अशी रीत होती. मी कपाळापर्यंत पदर घेऊन वावरायची. मामंजींना पाणी हवं असलं की ओसरीच्या खांबाकडे बघून म्हणायचे, "खांबा, घसा सुकलाय रं." मी तांब्या खांबाजवळ ठेवायची. भाजीत मीठ कमी झालं तर भिंतीला कळायचं. मांजर, खांब, भिंत आणि गोठ्यातला हरण्या बैल, या चौघांशी मामंजींचं जितकं बोलणं व्हायचं तितकं पोटच्या मुलाशीही होत नसे. रीत सगळ्याच घरांत होती, पण इतक्या मनापासून पाळलेली मी दुसरीकडे बघितली नाही. मला कधीकधी पदराआड हसू आवरायचं नाही.

झाडांशी बोलण्याची त्यांची तऱ्हा आणखी निराळी. निजामाच्या अमलात ते चार बुकं उर्दू शिकलेले. त्यांचं म्हणणं असं की, झाड पाडणं हे दरबारी काम आहे, त्याला दरबारी भाषाच पाहिजे. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला पटका नव्यानं बांधायचे, झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू वाहायचे आणि अदबीनं वाकून म्हणायचे, "हुजूर, इजाजत हुई तो कल सुबू को तकलीफ देतूँ." मग मान वर करून मराठीत, "पाखरांनो, सामान काढा." पाखरांना मराठी चालायचं.

निजामाचं राज्य जाऊन आमचा मुलूख हिंदुस्थानात आला. तलाठ्याचे कागद मराठीत यायला लागले, शाळेत मास्तर मराठी शिकवायला लागले. मामंजींची झाडांची भाषा काही बदलली नाही. आमचे हे एकदा चेष्टेनं म्हणाले, "दादा, आता आपलं राज आलंय. झाडाला बी मराठी कळतंय."

"तुला कळलंय," मामंजी म्हणाले. "झाडाला कुनी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी झाडाला पाठ टेकून डोळे मिटून उभे राहायचे. "किधर जाना बोलके है?" असं हळूच विचारायचे. बघणारी माणसं कंटाळायची, विड्या ओढायची. मामंजींना पाठीला काय कळायचं देव जाणे, पण डोळे उघडले की त्यांना वजन कुठल्या फांदीत आहे, ताण कुठे आहे, हे ठाऊक झालेलं असायचं. मग झाड आणि घर यांच्या मधोमध, म्हणजे झाड पडलं तर बरोबर डोक्यात येईल अशा जागी, मांडी घालून भाकरी खायची. घरमालकाला धीर यावा म्हणून. मगच कुऱ्हाड.

ही विद्या मला कळली ती गोठ्यात. मी शेण काढत असायची आणि मामंजी हरण्याची पाठ खाजवत त्याला शिकवत असायचे. आवाज मात्र दोन घरं पलीकडे जाईल एवढा. "हरण्या, कललेल्या झाडाच्या अंगात ताण असतोय. कुनी घाईघाईनं पाठीकडून कापीत गेलं, तर झाड उभंच्या उभं चिरतंय आन् त्याचं फळकूट उसळून कापनाराच्या छातीत बसतंय. म्हनून जिकडं पाडायचं तिकडं आधी खाच घ्यावी. मागून करवत चालवावी, पर मधलं थोडं लाकूड राखावं. ते झाडाचं बिजागर. दार कसं बिजागरीवर फिरतंय, तसं झाड त्याच्यावर फिरून खाली बसतंय. बिजागर तुटलं की मग ते कुनाचं ऐकत न्हाई. कळलं का?" मी शेणाची पाटी उचलताना मान हलवायची. हरण्यालाही कळलं असावं, कारण तो कान हलवायचा.

हा हरण्या आणि त्याचा जोडीदार बाशा माझ्या माहेरचे. वडिलांनी मला आंदण म्हणून दिलेले. आमच्या मळ्यात मोटेवर, विहिरीचं पाणी ओढत वाढलेली ही जोडी, मान अशी की डोळ्यात भरावी. सासरच्या गावात मोट नव्हती. तिथली विहीर पिण्याच्या पाण्याची, बाया पोहऱ्यानं शेंदायच्या. मोटेचा बैल म्हणजे काय हे त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांना दिसायची ती फक्त त्यांची ताकद. पुढे जे झालं ते यातून झालं.

आमच्या गल्लीच्या टोकाला धुरपताक्का राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक खण मातीचं माळवद आणि दारात जातं. लोकांचं दळण दळून द्यायची. तिच्या घरामागे जुनी चिंच. ओढ्यानं काठ खाल्ला, उन्हाळ्यात माती भेगाळली आणि ती चिंच हळूहळू घरावर कलत आली. माळवदावर फांद्या टेकायला आल्या, तेव्हा मामंजींनी ओळंबा सोडला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला मी बघितला. साधं पाडायचं तर ती घरावरच येणार. कलाच्या उलट दिशेला, ओढ्याकडे पाडायची, म्हणजे नाड्यानं ओढून आधी तिला उभी करायची आणि मग पलीकडे लोटायची. धुरपताक्काला त्या एका खणाशिवाय जगात दुसरं काही नव्हतं.

सगळ्यांनी तिला सांगितलं, निदान तू तरी बाहेर ये. ती जात्यापासून हलली नाही. "मी घर सोडून बसले, तर चिंचेला वाटंल, आता हितं कुनी न्हाई. मग ती कामून थांबंल?"

"बसू द्या," मामंजी म्हणाले. "आत मानूस हाय म्हनलं की माजा हात जपून चालतो." आज असं कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण ते दोघं एका पिढीचे, त्यांचं त्यांना पटलं.

सकाळी मी घरी भाकऱ्या थापत होते. मामंजींनी ओढ्याकडच्या बाजूनं खाच घेतली, चिंचेच्या वरच्या अंगाला नाडा बांधला, दुसरं टोक लांब ओढ्यापलीकडे नेलं. सगळ्यात ताकदीची जोडी म्हणून हरण्या-बाशाला जुंपलं. कासरा यांच्या हातात. मामंजी घराच्या बाजूला, बुंध्याशी गुडघे टेकून बसले. मागून करवत चालली की फटीत पाचर ठोकायची, पुन्हा करवत, पुन्हा पाचर. चिंच मागे आलीच तर आधी त्यांच्यावर आणि मग धुरपताक्काच्या माळवदावर.

मी भाकऱ्यांची दुरडी डोक्यावर घेऊन सासूबाईंच्या मागून तिथे पोचले, तेव्हा बैल चालायला लागले होते. नाडा ताणला, चिंच कण्हल्यासारखी वाजली आणि हळूहळू वर यायला लागली. माणसं "आली, आली" करत होती. मी नाडा बघितला, मग नाड्याच्या टोकाला कोण आहे ते बघितलं. हरण्या आणि बाशा.

मोटेचे बैल उतारावरून पुढे जातात, तेव्हा मोट भरून वर येते. वर आली की पाणी पाटात पडतं आणि नाडा एकदम हलका होतो. तो हलका झाला की बैल थांबतात आणि उलट्या पावलांनी मागे सरतात, म्हणजे मोट परत विहिरीत जाते. त्यांना कुणी सांगावं लागत नाही. हरण्या आणि बाशा यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. आणि कललेलं झाड ओढून उभं झालं की त्याचं वजन त्याच्या त्यालाच पेलतं, नाडा हलका होतो.

चिंच उभी राहिली. अगदी ओळंब्यात. नाडा हलका झाला. हरण्या थांबला, बाशा थांबला, आणि दोघांनी एकेक पाऊल मागे टाकलं.

हे कासरा ओढत होते, शेपूट पिरगाळत होते. बैलांना वाटत होतं, हा माणूस नवखा आहे, याला मोटेचं काही कळत नाही. आणखी एक पाऊल मागे. नाडा लोंबला. चिंचेचा शेंडा घराकडे हलला आणि बुंध्याशी ठोकलेली पाचर कर्रकन वाजली. मामंजींनी मान वर करून बघितलं. ते उठले नाहीत. दोन्ही हातांनी पाचर दाबून धरली, जणू तेवढ्यानं ती चिंच थांबणार होती. त्यांच्या पाठीमागे घरात जात्याची घरघर चालूच होती.

दुरडी माझ्या डोक्यावरून कधी पडली मला कळलं नाही. पदर पडला तेही नाही. मी माझ्या वडिलांची हाक दिली. भरलेली मोट वर घ्यायची असली की ते देत ती, गळ्याच्या शिरा ताणून, मळाभर घुमणारी.

"होऽऽ रं राजा होऽऽ! गंगा वर आनाऽऽ!"

हरण्याचे कान उभे राहिले. त्यानं मान खाली घातली, बाशानं घातली, आणि दोघं जीव खाऊन पुढे निघाले. मी हाक थांबवली नाही. नाडा पुन्हा ताठ झाला, चिंच ओढ्याकडे झुकली, बिजागरीवर वळली आणि धाडकन पलीकडे जाऊन बसली. धुरळा उडाला.

तो खाली बसायच्या आत घरातून धुरपताक्काचा आवाज आला, "पडली का?"

"पडली, आक्का," मामंजी म्हणाले.

"लय आवाज झाला बाई. माजं पीठ सांडलं."

माळवदाचं ढेकूळसुद्धा हललं नव्हतं. पण गाव चिंचेकडे बघतच नव्हतं. गाव माझ्याकडे बघत होतं. अख्ख्या गल्लीसमोर, सासऱ्यासमोर, उघड्या डोक्यानं गड्यासारखी ओरडलेली सून. सासूबाईंनी माझा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. "मोटंवरच्या गड्यावानी वरडली. आता कोन्या तोंडानं पान्याला जायचं मी?" मी चुलीपुढे बसून रडले. आपण काही वाईट केलेलं नाही हे मला कळत होतं, आणि तरी रडू येत होतं.

तिन्हीसांजेला मामंजी गोठ्यात गेले. गोठ्याची भिंत आणि चुलीची भिंत एकच.

"हरण्या," त्यांचा आवाज आला, "चूक तुजी न्हाई. मी चिंचेला इचारलं, तुला कुठं जायचं. तुला इचारायचं राह्यलं. तुला बी तुजी चाल असती, हे माज्या ध्यानातच आलं न्हाई." मग वैरण टाकल्याचा आवाज आला. "ज्या पोरीला तुजं मन ठावं हाय, तिनं आज मला जगिवलं. आक्काला बी जगिवलं. तिला सांग, रडू नको म्हनावं. आन् तिच्या सासूला सांग, उद्यापसून सून गाडीत असल्याबिगर मी नाड्याला हात लावनार न्हाई."

माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली. माझ्या स्वतःच्या माणसांनी माझं पुष्कळ कौतुक केलं आहे, पण भिंतीआडून बैलाला सांगितलेलं ते बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

त्यानंतर खरोखरच मी गाडीत बसून जायला लागले. मामंजी पुढे, मी मागे पदर घेऊन पाचरींच्या गठ्ठ्यावर. गावोगावच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या की, बघा, झाड पाडायला सून लागते. मामंजी झाडाला पाठ टेकून उभे राहायचे, मग हरण्याला विचारायचे, "काय म्हनतोय रं, जमतंय का?" आणि मी मान हलवेपर्यंत वाट बघायचे. सासूबाई सुरुवातीला घराण्याची लाज राखायला म्हणून सोबत यायच्या. पुढे त्यांनाच गोडी लागली. पानपुडा घेऊन सावलीला बसायच्या आणि लोकांना सांगायच्या, "आमच्या सुनंची हाक ऐकली का तुमी? अजून ऐकली न्हाई? थांबा जरा."

मामंजी मात्र माझ्याशी थेट कधीच बोलले नाहीत. मीही नाही. हाक दिली होती ती बैलांना.

मग एका हिवाळ्यात त्यांची डावी बाजू गेली. वैद्य आले, तेल आलं, काढे झाले. जीभ जड झाली. ओसरीवर खांबाला टेकवून बसवलं की हळूहळू डावीकडे कलायचे आणि घसरायचे. हे डोक्यामागे उशी लावायचे, सासूबाई मानेखाली लोड सरकवायच्या. पुन्हा कलायचे. सगळ्या मुलखातली कललेली झाडं ज्यांनी धक्का न लागता खाली बसवली, त्यांना स्वतःला बसता येईना, हे मला बघवत नव्हतं.

एका सकाळी घरात दुसरं कुणी नव्हतं. मामंजी कलले होते, नजर अंगणात लागलेली. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं, ते झाडाकडे बघत तसं. वजन कुठे आहे ते बघितलं. डोक्याला आधार देऊन काय उपयोग, ती तर फांदी. मी जुनी गोधडी घट्ट गुंडाळली आणि त्यांच्या डाव्या काखेखाली, बरगडीला लावून ठोकून बसवली. ते सरळ झाले. मी हात काढून घेतला. हलले नाहीत.

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले. मग डोळे उघडले. खांबाकडे बघितलं नाही, मांजर पायाशीच होतं, त्याच्याकडेही नाही. माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेनं एकेक शब्द सोडवत विचारलं, "टेकू... कुनी... लावलाय?"

मला पदर घ्यायचं सुचलं नाही.

"पोरीनं लावलाय, मामा," मी म्हणाले.

ते तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले. म्हणाले, "पक्कं... झालं."